अठरा नंबरचा ओटा

१२ फेब्रुवारी १९३४, सोमवार

शिपाई आला होता. हाकलला.

लिही वच्छला, हेच पहिलं लिही. वकिलीणबाई रोज वहीत घरातलं लिहितात — आज काय शिजलं, कोण आलं, कोण रुसलं. त्यांच्याइथं भाजी द्याले गेली तवा माह्या डोळ्यानं पाहिली ते वही. जांभळी, वर फूल काढलेली. त्यांचं शिजते ते वहीत जाते, अन् आमचं का नुसतं पोटात? म्हणून पुंजारामच्या मागं लागून मीही वही आणवली. पोरगा माहा गुणाचा आहे, चार वेळा सांगितलं का ऐकते.

मले अक्षर येत नाही. सुनेले येते. चौथी शिकलेली सून आहे — ते शिक्षण कुठंतरी कामाले येऊ द्या. सांगणारी मी, लिहिणारी वच्छला. मी सांगीन तेच लिहाचं. मधात आपली अक्कल घालाची नाही. हेही लिही.

तं शिपाई. आज सोमवारचा भरबाजार. नवाच होता, अकोल्याच्या जुन्या शहरातून बदलून आलेला. चंद्रभान नाव. कमरेले पट्टा, कानावर पेन्सिल, हातात कागद. माह्या वांग्यापुढं उभा राहून विचारते, "जयवंताबाई माळीण कोणती?"

मी कागदाकडं पाहिलं. शिक्का होता. माहा बाप म्हणे, सरकारचा कागद विंचवासारखा असते, हातात घेतल्याबिगर डसत नाही. बापानं जल्मात एक कागद घेतला नाही, अन् सुखानं मेला. मी म्हटलं, "जयवंता? थे तं गेली ना बापा. मागच्या पोळ्याले."

"गेली? कुठी?"

"वर."

पार्बताबाई माह्या बाजूले कांदे घेऊन बसते. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी गंभीर. शिपाई बिचारा हळहळला, कानावरची पेन्सिल काढली, कागदाच्या मागं काहीतरी खरडलं. मी म्हटलं, "लय चांगली बाई होती हो. तिच्यासारखी वांगी आता कोणाच्या घरी नाहीत." मले त्याची दया आली. उन्हातान्हाचा आला, रिकाम्या हातानं कसा धाडू? मेथीची एक जुडी देली.

तो गेला अन् मंग सगळा भाजीबाजार हासला. पार्बताबाईचे कांदे गडगडत नालीत गेले.

१३ फेब्रुवारी

वच्छला म्हणते, आत्याबाई, कागद काय होता ते तरी पाहाचं होतं. — काहून? विंचू कोणत्या घरचा हे विचारून का तो कमी डसते?

५ मार्च, सोमवार

गोदाबाई मेंबर झाली!

लिही. थांबली काहून? तुही माय असली म्हणून काय झालं, वही माही आहे.

गोदाबाई माही विहीण, वच्छलाची आई. संत्र्याचा बाग आहे तिचा, कलमा अमरावतीहून आणलेल्या. नवरा शेषराव अजून धडधाकट. दात सगळे. आता वरून हे! सरकारचा हुकूम निघाला म्हणे, आमच्या बोरगव्हाणच्या कमेटीत एक बाई नेमा. कमेटी म्हणजे म्युन्सिपालटी. नाल्या, कंदील, कोंडवाडा, बाजार — सारं तिच्याच हातात. आजवर दहा मिश्या बसत होत्या. आता दहा मिश्या अन् एक नथ.

अन् ते नथ गोदाबाईची! काहून, तं तिले सही येते. पाहिली आहे मी ते सही. गो, दा, बा, ई. चार अक्षरं. वच्छलानंच शिकवली, लग्नाआधी, चुलीच्या राखेत बोट धरून. पाचवं अक्षर विचारा — संत्रं सोलत बसते.

आता माहं ऐका. मागच्या साली भाजीवाल्यांले उठवून गुरांच्या बाजारात बसवाचं कमेटीनं ठरवलं होतं. डिप्टी साहेब दौऱ्यावर आला तवा त्याच्या मोटारीपुढं टोपलं आडवं कोणी ठेवलं? मी. "साहेब, शेणात ठेवलेली वांगी तुमी खासान का?" कोणी म्हटलं? मी! साहेब हासला. संगच्या बाबूले म्हणाला, बाईचं नाव लिहून घ्या. घेतलं लिहून. अन् आम्ही जागीच राहिलो, आपल्या कडुलिंबाखाली. तवा गोदाबाई कुठी होती? घरी. पाय दुखत होते तिचे.

नाव नेलं माहं अन् खुर्ची देली तिले. असा न्याव आहे.

पुंजाराम म्हणते, "माय, तुले काय कराची खुर्ची? तू तं खालीच बसते." मले नाहीच कराची. तिलेही नको होती, एवढंच.

७ मार्च, बुधवार

आज कमेटीची सभा होती. मी काही पाहाले गेली नव्हती. कचेरीच्या खिडकीखाली कोथिंबीर विकत बसली होती. तिथं कोणी कोथिंबीर घेत नाही, मले मालूम आहे.

गोदाबाई हिरवं लुगडं नेसून आली. वच्छलाच्या लग्नातलं! सात वर्षं पेटीत ठेवलं, माह्या नातीच्या बारशालेही काढलं नाही. अध्यक्ष भगवंतराव कापसाचे मोठे शेतकरी, त्यांनी "या बाई, या बाई" करून खुर्ची देली. पहिले टोकावर बसली, पडते का काय अशी. मंग हळूच दोन्ही पाय वर घेतले अन् खुर्चीवर मांडी घातली. अस्सी हासली मी! पण खिडकीखाली होती, आवाज काढता येईना.

मंग काय बोलले? कोंडवाड्याचं दार मोडलं. दोन कंदिलांच्या काचा फुटल्या. बेवारशी कुत्रे. मले वाटलं होतं आत काहीतरी मोठं चालत असन. हे तं आम्ही लिंबाखाली रोजच बोलतो, अन् याच्यापेक्षा चांगलं बोलतो.

शेवटी रजिस्टर फिरलं. ज्यानं त्यानं झटकन सही ठोकली. गोदाबाईपाशी आलं तवा थांबलं. तिनं टाक धरला जसा भाकर उलथाचा सराटा धरतात. गो... दा... जीभ बाहेर काढून. भगवंतराव थांबले. कारकून थांबला. दहाच्या दहा पुरुष टोप्या घालून उभे, अन् कोणी हूं म्हणत नाही.

एका बाईसाठी दहा पुरुष थांबलेले मी जल्मात पाहिले नव्हते.

कोथिंबीर सुकली. घरी आणून चटणी केली.

८ मार्च

नात शकुन आज गोदाबाईच्या घरून खेळून आली. काल-परवापर्यंत तिले "गोदाआजी" म्हणे. आता "मेंबरआजी". मी विचारलं, मंग मी कोणती आजी? थोडा विचार करून म्हणते, "तू वांग्याची आजी."

वच्छला लिहिताना हासून राहिली. हासू दे. दात मायसारखेच आहेत.

२ एप्रिल, सोमवार

आम्हीही काही कमी नाही. अर्ज केला!

माह्या जाग्यापुढं नाली आहे, तिच्यावर फरशी नाही. गिऱ्हाईक वांगी पाहाले वाकते अन् पाय नालीत जाते. मागच्या बाजारी एका मास्तराचं धोतर गेलं. मंग तो वांगी काय घेते? वच्छलाले सांगितलं, लिही — "मी जयवंताबाई माळीण, भाजीबाजार, लिंबाखाली चाळीस वर्षं बसून आहो. नालीवर एक फरशी द्यावी." खाली अंगठा. माहा अंगठा पहा केवढा उठला! गोदाबाईची चारही अक्षरं त्याच्यात मावतात.

पुंजाराम म्हणे, तू तं कागदाले भेते. — सरकारचा कागद घ्याचा नसते बापा. आपला देला तं चालते.

कचेरीत केशवराव कारकून आहेत. वर मान काढून पाहाची त्यांले सवय नाही. भाजी त्यांची बायको आणते, बाजाराचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "ठेवा तिथं." ठेवला.

१६ एप्रिल

फरशी नाही. तिकडं गोदाबाईनं सभेत म्हटलं का आमच्या गल्लीतल्या कंदिलाची काच फुटली. चौथ्या दिवशी नवी काच. मी जाऊन पाहून आली. चांगली आहे काच. मेली चमकते.

३० एप्रिल, सोमवार

आज पार्बताबाई बाजारात पडली.

हे नीट लिही वच्छला, याच्यात मस्करी नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही बाया पाणी पीत नाही. सूर्य निघाच्या आधी येतो, मावळल्यावर जातो. मधात बाईनं जावं कुठी? पुरुषाले सारा गाव मोकळा. आमच्या चारीबाजूले दुकानं अन् सडक. म्हणून तोंडात सुपारीचं खांड धराचं, अन् पाण्याचं भांडं पाहाचंच नाही. माह्या सासूनं मले हेच शिकवलं. चाळीस वर्षं तेच केलं. ओटीपोटात आग होते. सगळ्याच बायांले होते, कोणी बोलत नाही.

ऊन असं का कांद्याची सालं आपोआप उडत होती. पार्बताबाई म्हणाली, "जयवंते, मले लिंब दोन दिसून राहिले," अन् आडवीच झाली. तोंडावर पाणी मारलं तवा डोळे उघडले. पहिलं काय बोलली? "पाजू नका वो. मंग मी जाऊ कुठी?"

४ मे

दुसरा अर्ज. "भाजीबाजारात बायांसाठी पायखाना बांधावा. लिंबाच्या मागं पडीक जागा आहे, ते घ्यावी. चार पत्रे उभे केले तरी आमचं काम होते. आमी दिवसभर तहानलेल्या बसतो." लाज वाटली सांगाले. वच्छलालेही लिहाले वाटली. पण लिहिलं.

बाकीच्या बाया म्हणे आमी अंगठा देत नाही, कागदाचं काही सांगता येत नाही. भित्र्या मेल्या! मंग मी एकलीचाच देला. केशवराव म्हणाले, "ठेवा तिथं."

१८ जून

ना फरशी, ना पत्रे. गोदाबाई माहे कागद दाबून ठेवते. दुसरं काय असन?

१० जुलै, मंगळवार

चोरी झाली. दिवसाढवळ्या, भरसभेत.

मी खिडकीखाली होती. आज कोथिंबीर नव्हती, काकड्या होत्या. कुत्र्यांचं झालं, नाल्यांचं झालं. मंग गोदाबाईनं घसा साफ केला अन् म्हणाली, "मले बायांच्या पायखान्याचं बोलाचं आहे."

कोणी छताकडं पाहे, कोणी आपल्या जोड्याकडं. एकजण म्हणाला, "बाई, हे सभेत बोलाची गोष्ट आहे का?" गोदाबाई म्हणाली, "तुमच्या घरात जे भाजी शिजते ते बाईच्या हातची येते ना? ते बाई दिवसभर पाणी पीत नाही, हे मालूम आहे का तुमाले? उन्हाळ्यात एक पडली. मेली असती तं मंग सभेत बोललो असतो का? लिंबाच्या मागं पडीक जागा आहे. चार पत्रे लावा."

लिंबाच्या मागं पडीक जागा! चार पत्रे! माहे शब्द. एक एक माहा!

भगवंतराव म्हणाले, गोष्ट रास्त आहे. हात वर झाले. मंजूर.

बाहेर आली तवा मले खिडकीखाली पाहिलं. "काकड्या कशा देल्या, इहीणबाई?" मी म्हटलं, "तुमाले परवडाच्या नाहीत."

आज जेवली नाही. उपास आहे म्हणून सांगितलं.

११ जुलै

वच्छलानंच सांगितलं होतं मायले. कबूल झाली. "तुमच्या अर्जाले कोणी विचारत नव्हतं आत्याबाई. मी म्हटलं आई तरी बोलन. काम तं झालं ना?"

झालं. पण कोणाच्या तोंडून झालं?

१७ जुलै

पाच दिवस वही बंद होती. लिहिणारीवरच रुसली, मंग लिहिते कोण? आज तिनं आपल्या हातानं भाकर वाढली, वर लोण्याचा गोळा. मी खाल्ली. याचा अर्थ काही नाही, भूक लागली होती.

एक गोष्ट सांगतो, हे लिही अन् मंग पान पलट. गोदाबाई बोलली तवा मी खिडकीखाली उभी झाली होती. काकड्या मांडीवरून खाली पडल्या, समजलं नाही. चांगलं बोलली मेली. मी गेली असती तं मीही असंच बोलली असती. जळते ते याच्याचसाठी. वाईट बोलली असती तं मले आज लोण्याची गरज पडली नसती.

९ सप्टेंबर, पोळा

मेंबरबाईच्या बैलाले तोरणाखाली पुढची जागा. शिंगं रंगवलेली, पाठीवर आरशाची झूल. आमचा बैल मागं, पाचव्या रांगेत. बैल काही बोलला नाही. माह्यापेक्षा समजदार आहे.

२२ ऑक्टोबर, सोमवार

बरं आहे का आज लिहाचं मले नाही, नाहीतं कागद फाडला असता.

भाजीबाजारात दगडी ओटे बांधले कमेटीनं, दोन रांगा, सगळ्यांले आपापल्या जागी. आज डफडं वाजवून सांगितलं का यादी लागली, ज्याचा त्याचा नंबर पाहून घ्या. कचेरीच्या भिंतीवर कागद. मी वच्छलाले घेऊन गेली. पार्बताबाईचा सतरा नंबर. लसूणवालीचा एकोणीस. मधातला अठरा, लिंबाखालचा, तो माहा.

"वाच."

वच्छला वाचेना. "वाच ना वो!"

"अठरा नंबर — रिकामा."

पुन्हा वाचाले लावलं. रिकामा. बोटानं दाखवाले लावलं. तीन टिकल्यांएवढी अक्षरं. तेवढ्यात माहे चाळीस वर्षं गेले. त्या जाग्यावर मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बसली. पुंजाराम पोटात होता तवा तिथंच बसली. त्याचा बाप गेला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिथंच जाऊन बसली, कारण घरी बसवत नव्हतं. तिथलं लिंब मले ओळखते. अन् कागद म्हणते रिकामा!

खाली लिहिलं होतं, रिकामे ओटे दिवाळीनंतर दुसऱ्यांले देले जातीन.

पुंजाराम कचेरीत गेला. केशवरावांनं मान वर केली नाही. "यादी नोंदीवरून उतरली आहे. नोंदीत असते तर असते. अर्ज करा."

केले दोन! मी पुंजारामले म्हटलं, आता तिसरा नाही कराचा. कोणाचं काम आहे ते मले मालूम आहे. गोदाबाईची भाची फुलं विकते, तिले जागा पाहिजे होती. खुर्ची झाली, काच झाली, तोरण झालं. आता लिंब पाहिजे.

वच्छला म्हणते, आई असं नाही कराची. — तू लिही. रडू नको, शाई पसरते.

१२ नोव्हेंबर, सोमवार

आज पायखाना उघडला. चार पत्रे, मधात दोन भिंती, दाराले साखळी. भगवंतराव नारळ घेऊन आले पण फोडावं कुठी हे त्यांले समजेना. शेवटी लांबूनच लिंबाच्या बुडाशी फोडलं अन् लवकर निघून गेले.

बाया लाजत होत्या. पहिले कोण जाईन? पार्बताबाई उठली. भरबाजारात तांब्याभर पाणी घटाघटा प्याली, सगळ्यांले दिसन असं, अन् ताठ मानेनं आत गेली. बाया हासल्या, टाळ्या वाजवल्या. माह्याही डोळ्यात पाणी आलं. धूळ होती.

गोदाबाई तिथंच उभी. मले म्हणते, "या ना इहीणबाई, तुमच्या मनासारखं झालं."

मंग माहं डोकं गेलं.

"माह्या मनासारखं? बायांले बसाले जागा देली अन् माही बसाची जागा खाल्ली! अठरा नंबर कोणाच्या घशात घालून राहिल्या? माहे दोन अर्ज कोणत्या उशीखाली आहेत?"

"कोणते अर्ज? कोणता अठरा?"

"चार अक्षरं येतात म्हणून काय गाव विकत घेतला?"

गोदाबाईचं तोंड लाल झालं. सात वर्षांत ते मले उलटून बोलली नव्हती, पोरीची सासू म्हणून. आज बोलली. सगळ्या बाजारापुढं.

"तुमची जागा मी खाल्ली? मी तं वर्षभर तुमचं उष्टं खाऊन राहिली! खुर्ची पहिले तुमच्या नावानं निघाली होती. साहेबानंच नाव धाडलं होतं तुमचं. तुमी घेतली नाही, मंग आली माह्याकडं. पहिल्याच दिवशी ऐकलं मी — 'पहिली बाई हातची गेली, आता हे चालवून घ्या.' त्या खुर्चीवर बसली का मले चटका बसते. दर सभेले खिडकीखाली तुमचं टोपलं दिसे. मले वाटे, पाहून राहिल्या, मले जमते का नाही!"

"मी कवा नाही म्हटलं? मले कोणी विचारलं?"

"कागद आला होता तुमच्याकडं!"

"माह्याकडं? माह्याकडं कोणताच —"

पार्बताबाई बाहेर आली होती. तिनं एकाएकी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

गोदाबाई म्हणे, परवा माह्यासंग कचेरीत चला, केशवरावांले दप्तर सोडाले लावतो. मी म्हटलं, चला. भेतो का?

वच्छला लिहिता लिहिता थांबली आहे. वहीचं पहिलं पान काढून बसली. काय वाचून राहिली वो? मोठ्यानं वाच.

१४ नोव्हेंबर, बुधवार

कागद निघाला. वर माहं नाव, नेमणुकीचं. मागं पेन्सिलीनं — "बाई मागील पोळ्यास मयत. बाजारात समक्ष चौकशी केली." त्याच्याखाली माहे दोन्ही अर्ज, एकेक ओळ — "अर्जदार मयत. दप्तरी दाखल." अठरा नंबरही तसाच रिकामा झाला.

माह्या तेरवीची मेथी मीच वाटली होती.

केशवरावांनं पहिल्यांदा मान वर केली अन् माह्याकडं पाहिलं. म्हणाले, जिवंत असल्याचा अर्ज लागेल. अंगठ्यानं भागणार नाही. खाली मेंबरची सही पाहिजे, का ही बाई हयात आहे अन् मी तिला ओळखते.

गोदाबाईनं टाक घेतला. गो. दा. टाक पुन्हा दौतीत बुडवला तिनं. मी म्हटलं, "घाई करू नका इहीणबाई, मी थांबतो." बा.

मी श्वास धरून उभी होती.

ई.